सहावी पेटी

हे झालं १९५७ साली, फेब्रुवारी महिन्यात. साल चुकण्याचा प्रश्न नाही, कारण त्याच वर्षी कुवेत शहराभोवतीची जुनी मातीची भिंत पाडली, त्याच वर्षी माझी असमा जन्मली आणि त्याच वर्षी तिथे पहिल्यांदा सरकारने माणसं मोजली. भिंत आणि मुलगी या दोन गोष्टी लोक माझ्या तोंडून आनंदाने ऐकतात. तिसरी सांगायला लागले की म्हणतात, एवढंसं ते काय धरून बसलीस. एवढंसंच होतं. एका कागदावरचा एक रकाना, माझ्या बोटाच्या पेराएवढा.

आम्ही तेव्हा मिर्गाबमध्ये राहत होतो. एक सामाईक अंगण आणि त्याला तीन दारं. एका दाराआड मी आणि इद्रीस, दुसऱ्यात उस्मान दर्जी, तिसऱ्यात बू राशिद नावाचा म्हातारा. इद्रीस माझा नवरा, त्याआधी माझा आतेभाऊ. लहानपणी मी त्याला अरेतुरे करायची, निकाह झाल्यावर अवो-जावो करायला लागले, आणि ती सवय अशी बसली की रागातसुद्धा तोंडातून 'तुम्ही'च निघायचं. तो एका कंपनीत टायपिस्ट होता. उस्मान बाणकोटचा, म्हणजे आमच्या खाडीच्या पलीकडचा. बाजारात त्याचं दुकान होतं. दुकानात तो मापं घ्यायचा आणि कापड बेतायचा. शिवायची मी. सकाळी तो बेतलेल्या कापडाचं गाठोडं आमच्या दाराशी ठेवून खाकरायचा, "भाबी, सात दिशदाशा हायत, एकाची कॉलर उभी," आणि निघून जायचा. संध्याकाळी गाठोडं परत जायचं. दिशदाशा म्हणजे तिथल्या पुरुषांचा घोट्यापर्यंतचा झगा. वरून साधा दिसतो, पण बगलेतली कळी नीट बसली नाही तर माणूस हात वर करताना अडकतो. माझी कळी कधी अडकली नाही. लोक उस्मानच्या हाताची तारीफ करायचे आणि उस्मान ती ऐकून घ्यायचा. तो वाईट माणूस नव्हता. या गोष्टीत वाईट कोणीच नाही, आणि त्याचाच मला अधिक त्रास होतो.

त्या जानेवारीत गाठोड्यात दिशदाशांऐवजी खाकी कॅनव्हास आलं. खांद्याला लावायच्या पिशव्या होत्या, साठ, नऊ दिवसांत. घरोघर फिरून माणसं मोजणाऱ्यांना कागद ठेवायला हव्या होत्या. माझं मशीन हाताने फिरवायचं, साडी-पोलक्यासाठी केलेलं. त्या जाड कापडात सुया तुटायच्या. एक तुटलेलं टोक अंगठ्यात गेलं ते अजून आत आहे, थंडीत दुखतं. मी डावखुरी. पट्टा पिशवीला जोडताना चौकोन घालून आत फुली मारतात, ती इतरांची उजवीकडून सुरू होते, माझी डावीकडून. हे कोणाच्या लक्षात येणार नाही, पण मला माझी पिशवी शंभरांत ओळखू येते. इद्रीस त्या नऊ दिवसांत रोज म्हणायचा, "चाक जरा हळू फिरव गो, कान किटले." आणि रोज विचारायचा, आज किती झाल्या. कारण त्या मोजणीत त्याचंही काम ठरलं होतं. हिंदी लोकांच्या घरांत मोजणाऱ्या मास्तरांबरोबर जायचं आणि दोन्हीकडचं बोलणं एकमेकांना समजावून द्यायचं. आरशासमोर उभा राहून तो म्हणाला होता, "आज्यानंतर आमच्यात मीच."

आजा म्हणजे माझ्या वडिलांचा बाप आणि इद्रीसच्या आईचाही बाप. १८८१ साली इंग्रजांनी खानेसुमारी केली तेव्हा आजा एकोणीस वर्षांचा होता आणि गावात मराठी लिहिता येणारे दोघेच, त्यातला तो एक, म्हणून शिरगणतीचं काम त्याच्यावर आलं. पगार नाही, शाई सरकारची. घराघराच्या चौकटीवर गेरूने आकडे टाकले, आणि मग आजा दारोदार जाऊन विचारत सुटला, नाव काय, जात काय, धंदा काय. आमच्या पडवीत बसून तो ही हकीकत सांगायचा तेव्हा ऐंशीला टेकला होता, आणि मी आणि इद्रीस त्याच्या दोन्ही बाजूंना. कोणी साधा खलाशी असून तांडेल, म्हणजे गलबतावरचा मुकादम, लिही म्हणायचा. कोणी तांडेल असून काहीच लिहू नको म्हणायचा, पट्टी बसेल या भीतीने. आजाने सगळ्यांचं खरं ते लिहिलं. आणि स्वतःच्या घराशी आला तेव्हा आईच्या नावापुढे लिहिलं, 'जाळी विणते'. विणायचीच ती. तागाचा दोरा मांडीवर वळून वळून तिच्या मांडीवरची लव गेली होती म्हणे. कागद तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने आजाला सहा पेट्या समजावून सांगितल्या. मुलखातला प्रत्येक माणूस या सहांतल्या एका पेटीत बसला पाहिजे. पहिली पेटी सरकारी नोकरांची आणि विद्येवर जगणाऱ्यांची, दुसरी घरकामाला राहिलेल्या गड्यांची, तिसरी व्यापाऱ्यांची, चौथी शेतीची, पाचवी कारागिरांची. आणि सहावी, ज्यांचं काही ठाम नाही आणि जे काही उपजवत नाहीत त्यांची. तागाच्या जाळ्यांचं मोल कोणाच्या हातात पडतं, असं कारकुनाने विचारलं. बापाच्या, असं आजाने खरं सांगितलं. कारकुनाने तांबड्या शाईने 'जाळी विणते' वर रेघ मारली आणि आजाच्या आईला सहाव्या पेटीत टाकलं. आजा हे हसत सांगायचा. "माजी आई सायबाच्या दप्तरात आयतोबा," असं म्हणून मांडीवर थाप मारायचा. इद्रीसही हसायचा. मी कधी हसले होते का, आठवत नाही. मला ती मांडी दिसायची.

इद्रीसला ही गोष्ट ठाऊक होती, एवढंच मला सांगायचं आहे. माझ्याएवढीच ठाऊक होती. त्याच थाळीतल्या भाजलेल्या फणसाच्या आठळ्या खात खात त्याने ती ऐकली होती.

मास्तर आले ते दुपारी, जेवणाच्या आधी. पॅलेस्टाइनकडचे, शाळेत शिकवणारे, थकलेले. इद्रीस त्यांना उस्ताज म्हणायचा. तिन्ही दारांचं एकदमच लिहून टाकू म्हणून सगळे आमच्या पुढच्या खोलीत बसले, आणि मी पडद्यामागे, चहाच्या भांड्यापाशी. पडद्याच्या फटीतून पहिली दिसली ती पिशवी, उस्ताजांच्या मांडीवर. फुली डावीकडून. मला हसू आलं. एवढ्या शहरात माझीच पिशवी माझ्या घरी आली होती. मग उस्मानचं झालं. तो नुसतं 'दर्जी' म्हणाला तर इद्रीसने त्याला सोडलं नाही. दुकान स्वतःचं की भाड्याचं, माप घेतोस की बेततोस, हाताखाली कोण. "हाताखाली कोण नाय," उस्मान म्हणाला. पडद्याकडे त्याची मान किंचित वळली असं मला वाटलं, पण तो फक्त माशी वारत असेल. मग बू राशिद. तो कापडाच्या एका गोदामावर राखणदार होता, नऊ वर्षं. पण विचारल्यावर तो ताठ बसला आणि म्हणाला, गव्वास. म्हणजे मोत्यांसाठी समुद्राच्या तळाशी बुडी मारणारा. उस्ताज म्हणाले, चाचा, आता काय करता ते सांगा. बू राशिद म्हणाला, आता वाट बघतो, पण आहे मी गव्वासच, आणि कानाला बोट लावून दाखवलं, पाण्याच्या दाबाने फुटलेल्या. इद्रीसनेच उस्ताजांना अदबीने सांगितलं, लिहू या, त्यांचा मान आहे. आणि गव्वास लिहिलं गेलं. मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, हा आजाचा नातू खरा.

आमच्या दाराचं आलं तेव्हा उस्ताजांनी बोटं मोडली आणि लेखणी इद्रीसच्या हातात दिली. त्याचं अरबी अक्षर मदरशातलं, सुबक. घर तुमचं, तुम्हीच लिहा, म्हणाले. त्याने त्याची ओळ लिहिली. मग माझी. मी कान देऊन होते. त्याने मला विचारलं नाही. उस्ताजांनी त्याला विचारलं नाही. लेखणी मध्ये कुठे थांबली नाही, एवढं मला ऐकू आलं. टाकाचा आवाज ज्याने कधी ऐकला असेल त्याला कळेल, विचार करणारा टाक आणि सवयीने चालणारा टाक वेगळा वाजतो.

कागद तपासून उद्या द्यायचे होते म्हणून पिशवी इद्रीसपाशी राहिली. जेवून तो झोपला. मी पिशवी उघडली. मी शिवलेलं बटण मीच उघडलं. मला कुराण वाचता येतं, तेव्हा अक्षरं सगळी ओळखीची. माझ्या ओळीत माझं नाव, वय, गाव, आणि कामाच्या रकान्यात दोन शब्द. पहिला 'ला'. तो कोणाही मुसलमानाच्या पोराला कळतो, नाही. दुसऱ्यात 'अमल'ची अक्षरं, म्हणजे काम. करणी. आम्हाला शिकवलेलं असं की माणसाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक लिहिणारा बसलेला असतो आणि त्याची करणी लिहून ठेवतो. मी उगीच खांद्याकडे पाहिलं. खांदा दुखत होता, नऊ दिवस चाक फिरवून. त्यांनी तरी काही लिहिलं असेल, असं मनात आलं आणि मग त्याचाच राग आला. मरणानंतरच्या वहीत आहे म्हणून या वहीत नको, असं कुठे आहे?

मला एक शब्द बदलायचा होता, बस. खय्याता. शिवणारी. उस्मानच्या तोंडून शंभरदा ऐकलेला. पण आमच्या वेळी मुलींना अरबी अक्षरं वाचायला शिकवायचे, लिहायला नाही. लिहायला आलं तर पोरी चिठ्ठ्या लिहितील, असं मौलवी म्हणायचे. भर दुपारी हातात पेन्सिल घेऊन मी त्या रकान्यावर बसले होते, माझी ओळ मला वाचता येत होती आणि लिहिता येत नव्हती. 'खे' कसा दिसतो ते डोळ्यांसमोर होतं, पण हाताला तो उजवीकडून कुठे सुरू होतो ते माहीत नव्हतं, आणि माझा हात तर डावा. शेवटी मराठी चौथीपर्यंत शिकले होते ते कामाला आलं. त्या दोन अरबी शब्दांच्या खाली, बारीक, मी मराठीत लिहिलं, 'शिवणकाम करते'. बटण लावलं. मशीनपाशी जाऊन बसले. चाक फिरवलं नाही.

संध्याकाळी तो कागद तपासायला बसला. मी चहा ठेवला. तो उठून मशिदीत गेला तेव्हा टेबलावर खोडरबराचा चुरा होता. राखाडी, बारीक, कागदाच्या कडेला फुंकून गोळा झालेला. त्याने मला हाक मारली नव्हती, विचारलं नव्हतं. परत आल्यावर मीच विचारलं.

"माझ्या ओळीत काय लिहिलंत?"

"जे लिवतात ते."

"पिशवी कोणी शिवली ही?"

"उस्मानने. त्याचं नाव लागलंय कामावर."

"अवो, उस्मानला कॅनव्हासात सुई घालता येते का, विचारा त्याला."

"तू त्याला मदत करतेस."

"मदत. सकाळपासनं संध्याकाळपर्यंत मदत."

"हे बघ रहिमा," तो म्हणाला, आणि आवाज अगदी मऊ होता, त्या मऊपणाचीच मला चीड आहे, "कागद उस्ताजांच्या हातात जाणार. त्यांच्यावर साहेब. सगळे वाचणार की इद्रीसची बायको लोकांचे कपडे शिवते. मी रोज त्यांच्यात बसतो."

"बू राशिदने नऊ वर्षांत समुद्र बघितला नाही. तो गव्वास."

"त्याचा मान आहे."

मी पुढचं बोलले नाही. बोलायला हवं होतं. ते वाक्य मी पुढे किती वेळा बोलले, पीठ मळताना, असमाला दूध पाजताना, तोझ, म्हणजे तिथलं धुळीचं वादळ, उठलं की दारांच्या फटीत ओल्या चिंध्या कोंबताना. प्रत्येक वेळी वेगळं, प्रत्येक वेळी बिनतोड. त्या दिवशी मात्र मला फक्त आजाचा कारकून आठवत होता. कारकुनाने परक्याच्या आईवर तांबडी रेघ मारली, ती आजवर दप्तरात दिसत असेल, कोणी उघडलं तर. रबराने खोडलेलं दिसतही नाही. आणि आजाने लिहिलं होतं. कोणीतरी एकदा लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उस्मान खाकरला, "भाबी, पाच हायत, घाई नाय." मी गाठोडं उचललं. न उचलून कोणाला काय कळलं असतं?

आठ वर्षं गेली. शहर भिंतीबाहेर पसरलं, आम्ही दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलो, वीज आली, मशीनला मोटर बसली. इद्रीस हेडक्लार्क झाला. गाठोडी येतच राहिली, फक्त आता ती झाकून यायची, चादरीत. असमा हिंदी लोकांच्या इंग्रजी शाळेत जायला लागली आणि घरात इंग्रजी बोलायला लागली. तिचा बाप त्यावर खूश. मी त्या आठ वर्षांत एकच गोष्ट तयार करत होते, तो शब्द. मधे १९६१ला पुन्हा मोजणी झाली तेव्हा मी गावी गेले होते. आईचं शेवटचं दुखणं. ती माझ्या हातची संधी गेली. मग १९६५ची आली, आणि या वेळी मोजायला बाई आली. लैला नाव, तरुण, शाळेत शिकवणारी, केस कापलेले, खांद्याला प्लॅस्टिकची पिशवी. पडदा नव्हता, मध्ये कोणी पुरुष नव्हता. इद्रीस आतल्या खोलीत पेपर वाचत होता. मी पदर सारखा केला आणि तिच्या समोर खुर्चीवर बसले. मला हसू येईल असं वाटत होतं, इतकं सोपं झालं होतं सगळं. मधे फक्त असमा, आठवं चालू असलेली, अरबी गल्लीतल्या पोरांत शिकलेली, दोन्हीकडचं समजावून द्यायला. बापाचंच काम.

लैलाने नाव विचारलं, वय विचारलं. मग मान वर करून सरळ माझ्याकडे बघत विचारलं, तुमचं काम?

"हाउसवाइफ," असमा म्हणाली. माझ्याकडे न बघता, पाय हलवत.

"खय्याता," मी म्हणाले.

लैलाची लेखणी थांबली. खरंच थांबली, मी पाहिलं. ती भराभर काही विचारायला लागली. अरबीतले माझे शब्द दुकानापुरते, मला त्यातलं अर्धं कळेना. मी असमाकडे पाहिलं.

"टीचर विचारते, शॉप कुठे?"

"सांग, घरी."

"लायसन्स आहे का?"

"नाही."

"कोणाकडे जॉब? नाव काय त्यांचं?"

मी उस्मानचं नाव घेणार होते. पण उस्मानने त्याच्या कागदावर काय सांगितलं असेल, हे मला माहीत होतं. हाताखाली कोणी नाही. माझं खरं ठरलं तर त्याचं खोटं ठरत होतं, आणि त्याचं खोटं म्हणजे सरकारी कागदावरचं खोटं, परक्या मुलखात. आतल्या खोलीत पेपर उलटल्याचा आवाज थांबला होता. मी म्हटलं, "सांग, आई कपडे शिवते. रोज शिवते. तू बघतेस ना."

असमाचे कान लाल झाले. "मम्मी, प्लीज," ती म्हणाली, अगदी हळू, आणि लैलाकडे वळून अरबीत एक लांब वाक्य बोलली. लैला हसली. चांगली मुलगी होती, तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि काही तरी म्हणाली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, माझी आईपण शिवते. घरी सगळ्याच आया शिवतात."

आणि लिहिलं. लेखणी मध्ये थांबली नाही. मला समोरून उलटं दिसत होतं, तरी पहिला शब्द ओळखू आला, 'ला'.

ती गेल्यावर इद्रीस बाहेर आला. चहा मागेल असं वाटलं. त्याने खुर्ची जागेवर ठेवली आणि म्हणाला, "तोंडाने सांगितलंस ना? झालं की." त्याला खरंच वाटत होतं की झालं. मी असमाला जवळ घेतलं नाही त्या दिवशी. तिचा काय दोष होता? तिच्या अंगावरचा शाळेचा फ्रॉक मी शिवलेला, तिच्या मैत्रिणीच्या अंगावरचाही मीच शिवलेला, आणि ते मैत्रिणीला ठाऊक नव्हतं, ठाऊक होऊ नये एवढीच त्या पोरीची धडपड.

बू राशिद १९६१ची मोजणी व्हायच्या आतच गेला. शेवटी शेवटी तो अबू हलीफाला पुतण्याकडे समुद्राकाठी राहत होता, आणि त्याला नेलं तेव्हा पुतण्याने लोकांना गव्वास गेला असंच कळवलं. उस्मानने पुढे अब्बासियात मोठं दुकान काढलं, पाच मशीनं, पाटीवर स्वतःचं नाव. बायपास झाल्यावर बाणकोटला परतला, आणि एका ईदला मला भेटायला आला तेव्हा नातवाला म्हणाला, "या भाबीच्या हातावर माजं दुकान चाललं." पोरगं मोबाइलमध्ये होतं. असमा कॅनडात आहे, हिशेब तपासनीस. तिथल्या खानेसुमारीचा फॉर्म ती कॉम्प्युटरवर भरते, आणि नवऱ्याचा रकानाही तीच भरते. मी तिला हे कधी सांगितलं नाही. इद्रीस १९८३ मध्ये गावी आला आणि सहा वर्षांनी गेला. त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर निवृत्त हेडक्लार्क असं आहे. शेवटच्या दुखण्यात मी त्याला एकदा विचारलं, तो खोडरबराचा चुरा आठवतो का. तो आढ्याकडे बघत म्हणाला, "कसला चुरा?" विसरला होता की नव्हता, ते तोच जाणे.

लैलाचं काय झालं ते मला माहीत नाही.

मी इथेच आहे, आजाच्या घरात. मशीन आहे, पण डोळे नाहीत. २०११ साली खानेसुमारीवाली आली, जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई. पुतण्या सांगायला पुढे झाला, त्याला मी म्हटलं, तू बस. दारात खुर्ची घेतली आणि मीच म्हणाले, "शिंपीण. लिहा." बाई थांबली. "आजी, मागच्या वर्षात काम केलंत का?" नाही, म्हटलं, दिसत नाही आता. "आधी करत होता ते नाही चालत हो," ती म्हणाली, फार गोड बोलली, आणि यादीवरून बोट फिरवत तिने माझा आकडा शोधला. मी विचारलं, काय लिहिलंत? "अवलंबून," ती म्हणाली. मी यादी मागून घेतली आणि डोळ्यांशी धरली. काम न करणाऱ्यांच्याच त्यात सहा ओळी होत्या, विद्यार्थी, घरकाम, अवलंबून, पेन्शनवाले, भाड्यावर जगणारे, भिकारी. पेट्या वाढल्या होत्या एवढंच.

जायला उठली तेव्हा तिने पिशवी खांद्याला लावली. सरकारी, कापडी, नवी. पट्ट्याच्या जोडाला नुसती एक सरळ टीप होती, फुली नाही, आणि ती अर्धी उसवलेली, दुसऱ्या गल्लीपर्यंतही टिकली नसती. एवढं मला अजून दिसतं. सुईदोरा माझ्या खुर्चीच्या हातावरच्या डबीत होता, पाच मिनिटांचं काम, न बघताही झालं असतं. मी बघत राहिले. डबी उघडली नाही.